माझ्या पावलाच्या मापाचा खड्डा

आजी जिवंत असताना मी तिच्या समाधीचा खड्डा खणून घेतला. अर्धवट नाही. कडा तासून, पायऱ्या काढून, भिंतीत कोनाडा कोरून, अगदी बसायला तयार असा. आणि तोही चुकीच्या मापाचा.

'बसायला' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवतात आणि पूजेला बसल्यासारखंच मातीत सोपवतात. ज्यांना शेत आहे त्यांची माणसं शेतात, बांधाच्या कडेला बसलेली असतात. आमचे आजोबा वडवणीबाहेरच्या आमच्या शेतात, उगवतीच्या बांधाला खेटून बसलेत. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की आजोबांना तिथं बसून बसून कंटाळा येत नसेल का? दुसऱ्या कुणी मला धपाटा घातला असता. आजी हातातलं सूप थांबवून विचारात पडली आणि म्हणाली, "येत आसंल. लई बोलायची सवय हुती त्यांना."

आजीचं हे असं होतं. तिला प्रश्न आवडत. उत्तर मिळालं नाही तरी तिचं काही बिघडत नसे, पण प्रश्न चांगला पाहिजे. निजामाचं राज्य असताना ती या घरात आली, तेव्हा एवढीशी होती की सासूनं तिला कडेवर घेऊन दुकान दाखवलं म्हणे. तिथंच तिनं सासूला पहिला प्रश्न विचारला: गुळाच्या ढेपेला मुंग्या लागतात, मग मिठाच्या पोत्याला का लागत नाहीत? सासूनं सुनेला खाली उतरवलं. पुढं पायली-शेर जाऊन किलो आला, कंदील जाऊन विजेचा दिवा आला, राज्य जाऊन दुसरं राज्य आलं, आजी मात्र तशीच. प्रत्येक नव्या वस्तूला उलटी करून, हुंगून, बोटानं टोचून बघणार.

आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ती दुकानात बसायला लागली. त्या काळात बायका दुकानात बसत नसत. पण आजोबांना तराजूचा काटा दिसेना आणि नोकरावर विश्वास टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग तराजूच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती. ते पारड्यात माल टाकायचे, ती "आजून, आजून, बस" म्हणायची. दोघांचा अख्खा संसार या तीन शब्दांत झाला असं वडील सांगत. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या समाधीशेजारची जागा तिनं त्याच दिवशी मागून घेतली. "हितं नांगर लावायचा न्हाई," असं वडिलांना बजावलं. एकदा वडिलांनी हायब्रीड कापसाच्या नादात त्या तुकड्यावरही सरी ओढली, तर आजी शेतात जाऊन सरीत बसून राहिली. जेवायला उठेना. संध्याकाळी वडिलांनी स्वतःच्या हातानं सरी बुजवली.

नव्वद सालानंतर दुकानात रोज काहीतरी नवीन लटकायला लागलं. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या, गुटख्याच्या आल्या, थंड पेयाच्या बाटल्या आल्या. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन, नोकरी मिळत नाही हे जगाचं नुकसान आहे अशा समजुतीत गल्ल्यावर बसत होतो. माझ्याच आग्रहानं दुकानाच्या कोपऱ्यात काचेची खोली करून फोनचा बूथ टाकला. आजीनं पहिल्या दिवशी त्या खोलीत बसून लातूरच्या आत्याला फोन लावायला लावला. आत्या म्हणाली, वांग्याची भाजी चुलीवर आहे. आजीनं रिसीव्हर नाकाला लावला, जरा वेळ थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आवाज येतो तारंतून, मग वास कावून येत न्हाई?" मी बी.कॉम. असल्यामुळे गप्प बसलो. थंड पेयाची बाटली उघडल्यावर तिचा प्रश्न होता, "आत कोण फुकतंय?" आणि शॅम्पूची पहिली पुडी तिनं देवघरातल्या पितळी नंदीवर वापरून बघितली. नंदी दोन दिवस फेसाळत होता, पण चकचकीत झाला हे खरं.

अशी ही आजी एका मे महिन्यात ऊन लागून पडली. बघता बघता खाणं सुटलं, बोलणं सुटलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी घरीच सलाईन लावलं, नाडी बघितली आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले की वय झालंय, मनाची तयारी ठेवा. वय किती झालंय हे मात्र कुणालाच सांगता येईना. वडील आमच्याच बूथमधून नातेवाइकांना फोन करत बसले. लातूरहून आत्या आली आणि आल्या आल्या रडायला बसली. गावातल्या मठाचे स्वामी आले. त्यांनी आजीच्या कपाळावर विभूती लावली, तोंडात तीर्थ घातलं. ते कडेनं ओघळून गेलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. तिनं कशाबद्दल काही विचारलंच नाही, यावरून तर माझी खात्रीच पटली.

वडील मला ओसरीवर घेऊन गेले. डोळे लाल होते त्यांचे. म्हणाले, "शेतात जाऊन ये. जागा जरा साफ करून ठीव. काटे-कुटे काढून घे."

एवढंच म्हणाले. साफ करून ठेव. यात कुठंही खणून ठेव असं नव्हतं.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आजोबांच्या वेळी मुरूम लागला होता, टिकावाचा दांडा मोडला होता, आणि दिवेलागण झाली तरी माती देऊन झाली नव्हती. त्यावर आत्या तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला ऐकवत आली होती की आमच्या बापाला ताटकळत ठेवलं ह्यांनी. आता पुन्हा उन्हाळा, पुन्हा तोच मुरूम, आणि आत्या घरात हजर. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मला नियोजन नावाचा एक धडा होता. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: अडचण येण्याआधी उपाय तयार असावा. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा उपयोग होणार होता.

मी स्टँडवरून दोन मजूर घेतले आणि टमटममधून शेतात गेलो.

त्यातल्या वयस्कानं कामाला हात घालण्याआधी विचारलं, "कधी गेल्या काकू?"

"जातील," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग दुसऱ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आसं आधीच करत्यात का तुमच्यात?"

"नियोजन असतं," मी म्हणालो.

"माप आणलंय?"

इथं मी अडकलो. आमच्याकडं खड्डा ज्याचा त्याच्या पावलानं मोजतात. माणूस गेलं की त्याच्या पावलाइतका दोरा तोडून शेतात पाठवतात आणि त्या दोऱ्यानं आखणी होते. आता आजी जिवंत असताना तिच्या पायाला दोरा लावायला गेलो असतो, तर आत्यानं त्याच दोऱ्यानं मला आवळलं असतं. मी विचार केला, रक्ताचं नातं आहे, नातवाचं पाऊल काय आणि आजीचं काय. चप्पल काढली आणि स्वतःच्या पावलानं जमीन मोजून दिली.

माझ्या पायांबद्दल सांगायला पाहिजे. माझ्या मापाची चप्पल वडवणीत मिळत नाही, माजलगावातही एकाच दुकानात मिळते आणि तो दुकानदारही ती कोपऱ्यात उलटी ठेवतो. आजी लहान पोरांच्या मापाची चप्पल घालायची.

संध्याकाळपर्यंत खड्डा झाला. मुरूम लागलाच, पण मी आधीच दोन टिकाव जास्तीचे नेले होते. मजुरांनी उतरायला पायऱ्या काढल्या, आजोबांच्या बाजूच्या भिंतीत बसायचा कोनाडा कोरला. मी लांब उभा राहून बघितलं. खड्डा जरा ऐसपैस वाटत होता, पण समाधान एवढं होतं की मी ते मनावर घेतलं नाही. त्याच वेळी बांधापलीकडून शेजारचा मेंढरंवाला आपली मेंढरं घेऊन चालला होता. तो थांबला. खड्ड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डोक्यावरचा पटका काढला, आणि काही न बोलता पुढं गेला.

न बोलण्याचं कारण होतं. त्याचं आणि आमचं बरीच वर्षं बोलणं बंद होतं. त्याची मेंढरं एकदा आमच्या हरभऱ्यात घुसली, वडिलांनी ती कोंडवाड्यात घातली, तेव्हापासून. तो आमच्या दुकानची पायरीही चढायचा नाही. मिठासाठी सुद्धा बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा.

मी घरी आलो, तर आजी गादीवर उठून बसली होती आणि बशीतून चहा पीत होती.

 आत्या तिच्या पाठीला लोड लावत हसत-रडत होती. मला बघून आजी म्हणाली, "कुठं गेलतास रे? मातीनं माखलास की पार."

"शेतात गेलतो," मी म्हणालो.

"ह्या उन्हात? कावून?"

"काटे काढायला."

वडिलांनी माझ्या कपड्यांकडं बघितलं. काटे काढताना माणूस डोक्यापर्यंत मुरमानं पांढरा होत नाही, हे त्यांना कळत होतं. पण आई उठून बसल्याच्या आनंदात त्यांनी ते सोडून दिलं. मी ठरवलं की सकाळी लवकर जाऊन गुपचूप खड्डा बुजवायचा. माझं नियोजन अजून संपलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मेंढरंवाल्याचं आमच्याशी बोलणं बंद होतं, बाकी जगाशी चालू होतं. सकाळी मी निघायच्या आतच माणसं यायला लागली. पहिल्यांदा समोरचा शिंपी आला, डोक्याला रुमाल बांधून, मान खाली घालून. मग चार बायका पदर डोक्यावर ओढून आल्या आणि उंबऱ्यातच त्यांनी गळा काढला. आजी आत पाटावर बसून लिंगपूजा करत होती. पूजा झाली, लिंग गळ्यातल्या डबीत ठेवलं, आणि ती काठी टेकत ओसरीवर आली.

"कोण गेलं गं बायांनो?" तिनं विचारलं.

बायांचा हुंदका मध्येच अडकला. एक जण तर उठून पळाली. शिंपी म्हणाला, "काही न्हाई काकू, सहज आल्तो."

"सहज? गुरवारच्या बाजाराचं दुकान बंद ठिवून?"

मग तिनं चौकशी चालवली. आजी चौकशीला बसली की उडीद-मूग वेगळे करावेत तशी माणसं वेगळी करायची. शिंप्याला कुणी सांगितलं? पानवाल्यानं. पानवाल्याला? मेंढरं विकायला आलेल्या एकानं. त्यानं काय बघितलं? खड्डा बघितला. कुठं? तुमच्याच शेतात, काकू. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी ओसरीला लागूनच्या दुकानात शॅम्पूच्या माळा सरळ करत होतो.

वडिलांनी चप्पल हातात घेतली. आत्यानं माझा इतका उद्धार केला की त्यात तिनं आजोबांच्या वेळचा उशीरसुद्धा माझ्याच खात्यावर टाकला. वडील माणसं पाठवून तो खड्डा तेव्हाच बुजवणार होते. आजीनं काठी आपटली.

"मी बगितल्याबिगर एक टोपलं माती पडायची न्हाई त्येच्यात."

"माय, बघायचं काय त्यात?"

"माजा हाय ना? मग? पुना कधी बगायला भेटंल का मला?"

वडिलांनी हातातली चप्पल खाली ठेवली. 

अंगात थोडी ताकद आल्यावर आम्ही तिला टमटममधून घेऊन गेलो. ती, वडील, मी, आणि स्वामी. स्वामींना वडिलांनी मुद्दाम बरोबर घेतलं होतं, कारण असा उघडा खड्डा राहिलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता आणि आत्या रोज सांगत होती की तो कुणाला तरी घेऊन जाईल. मी खड्ड्यावर काट्याच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. त्या ओढल्या. आजी कडेला उभी राहिली आणि वाकून बघायला लागली.

"एवढा?" ती म्हणाली. "मी काय बिऱ्हाड घिऊन जानार हाय का?"

मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. तोंड कुठल्या बाजूला करणार? वरून माती पडली की डोक्यावर पडते की कोनाड्याला आधी फळी लावतात? विभूतीचे गोळे किती ठेवतात? पावसाळ्यात आत ओल येते का? स्वामी बिचारे सांगत होते, पण जन्मभर त्यांनी हे सगळं केलं असलं तरी समोरच्या बाईनं स्वतःबद्दल असं कधी विचारलं नव्हतं. त्यांना घाम फुटला होता. आणि त्यांचं उत्तर चालू असतानाच आजी पहिल्या पायरीवर बसली, आणि घसरत खाली गेली.

"माय!" वडील ओरडले.

"वरडू नगं. बगू दे."

ती कोनाड्यात जाऊन मांडी घालून बसली. पाठ सरळ केली. गळ्यातली डबी काढून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पदर डोक्यावरून नीट केला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं वरून बघत होतो. वारा पडला होता. लांब कुठंतरी एक कोकरू ओरडत होतं. मला तिच्याबद्दल एवढं कुतूहल याआधी कधी वाटलं नव्हतं, की ही बाई आत्ता मनात काय विचारत असेल, आणि कुणाला?

मग तिनं डोळे उघडले, मान वळवून पाठीमागच्या भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. भिंतीपलीकडं आजोबा होते.

"काय म्हनत्यात?" मी वरून विचारलं.

"काटा बगून सांग म्हनत्यात," ती म्हणाली, आणि एकटीच हसली. मग हळूच, भिंतीला, "आजून," म्हणाली.

वडिलांनी तोंड फिरवलं.

आता तिला वर काढायचं होतं, आणि इथं माझं माप आडवं आलं. पायऱ्या माझ्या पावलाच्या, त्यामुळं प्रत्येक पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. वडिलांची पाठ धरलेली, स्वामींच्या हातात तेवढं बळ नव्हतं. मी खाली उतरलो, तर जागा एवढी की मला तिला खांद्यावर घ्यायचं सुचलं, पण ती म्हणाली, "तू हात लावू नगंस. तू लावलास की काय तरी हुतंय." शेवटी मी खालून आधार दिला आणि तिनं काठी वर टाकून कडा धरली. तेवढ्यात बांधावरून मेंढरंवाला आला. आजी वाचली हे त्याला बाजारातच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि समाधीच्या खड्ड्यातून पांढऱ्या पदराचं डोकं वर येताना बघणं वेगळं. तो जागच्या जागी बसला. मेंढरं त्याला वळसा घालून पुढं गेली.

"आरं बसतोस काय?" आजी ओरडली. "हात दे!"

एवढ्या वर्षांत आमच्या घरातून त्याला आलेला तो पहिला शब्द होता. तो धावत आला आणि त्यानं एका हातानं तिला कोकरासारखं उचलून वर ठेवलं.

"काकू," तो म्हणाला, "म्या बाजारात आसं सांगाया नगं हुतं. पर खड्डा बघून मानूस काय समजल?"

"तुजं न्हाई चुकलं. हे हाय न्हवं," असं म्हणून तिनं काठीनं मला दाखवलं.

सगळे हसले आणि मला वाटलं, सुटलो. वडिलांनी स्वामींना विचारलं, "मग बुजवून टाकतो आता. तिची वेळ येईल तेव्हा पुन्हा हितंच..."

स्वामींनी मान हलवली. "एकदा समाधी म्हणून जागा उकरली, बुजवली, की ती समाधीच झाली. परत तीच उकरायची नाही. रिकामीही ठेवायची नाही. यात काहीतरी जिवंत लावा, झाड लावा. आणि आईंना ह्याच्या पलीकडं जागा धरा. शेत मोठं आहे."

आजीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं आधी खड्ड्याकडं बघितलं, मग आजोबांच्या चौथऱ्याकडं, मग खड्ड्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानाकडं.

"म्हंजी मदी खड्डा?" ती म्हणाली. "ते तिकडं, मी हितं, आन मदी ह्याचा खड्डा?"

वडील चौथऱ्यावरचा पाला झटकायला लागले.

"तेवढी एकच जागा मागितली हुती मी," ती म्हणाली. मला नाही, वडिलांनाही नाही. नुसतीच म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात प्रश्न नव्हता. वडिलांच्या हातची चप्पल खाल्ली असती तर मला बरं वाटलं असतं.

आजोबांच्या दुसऱ्या बाजूला जागाच नव्हती. तिथं बांध होता. आणि बांधापलीकडं मेंढरंवाल्याचं रान. बांध सरकवणं ही आमच्याकडं काय गोष्ट आहे हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. माणूस एकवेळ पोरगी देईल, पण बांध विळ्याच्या पात्याएवढा सरकू देणार नाही. वडिलांनी तो विषय तोंडातून काढला नाही. कोंडवाड्यात मेंढरं घातलेल्या माणसानं काय तोंडानं काढायचा?

आजी काठी टेकत बांधावर जाऊन उभी राहिली. मेंढरंवाला खाली मान घालून पायानं ढेकूळ फोडत होता.

"काय रे," ती म्हणाली, "तुज्या मेंढरांना काय आवडतं?"

तो गोंधळला. "आँ?"

"खायला. लई आवडीचं काय?"

"बाभळीच्या शेंगा," तो म्हणाला. "आन पाला. उनाळ्यात लांब लांब जावं लागतं त्येच्यासाटी."

"ह्या खड्ड्यात बाभळ लावू. पाला तुजा, शेंगा तुज्या, सावली तुज्या मेंढरांची. आमच्या शेतात शिरून खायाची मुभा. कोंडवाडा न्हाई, काय न्हाई." तिनं वडिलांकडं बघितलंसुद्धा नाही. "बदल्यात मला हितं बसायपुरतं दे. मी बारीक हाय. माप घ्यायचं आसंल तर माज्या पायाचं घे."

स्वामी हळूच म्हणाले, "आई, बाभळ? बेल लावला असता तर..."

"बेल मेंढरं खात्यात का?"

"तसं नाही, पण..."

"मग?"

मेंढरंवाला बांधावर उकिडवा बसला, मूठभर माती घेतली, सोडली. मग म्हणाला, "काकू, तुमच्या नातवानं मापलं तर माजं निम्मं रान जाईल. तुमी सोता मापा."

आजीनं चप्पल काढली. त्या पोराएवढ्या पावलांनी तिनं बांधापलीकडं, आजोबांच्या चौथऱ्याला धरून, जमीन मोजली आणि त्यानं तिच्या मागं मागं काठीनं रेघ ओढली. वडील खाली बसून रडत होते. मी नियोजनाबद्दल काही बोललो नाही.

खड्डा आम्ही दोघांनी बुजवला, मी आणि मेंढरंवाल्यानं. मोठा होता त्यामुळं वेळ लागला, आणि प्रत्येक टोपल्याला तो म्हणायचा, "केवढा पाय बे तुजा."

दुसऱ्या आठवड्यात तो आमच्या दुकानातून मीठ घेऊन गेला.

आजी त्यानंतर बरीच वर्षं जगली. बाभळ तिच्या देखत मोठी झाली. दर उन्हाळ्यात ती मला विचारायची, "तुजा खड्डा किती वाढला?" मी हातानं उंची दाखवायचो. पुढं पुढं हात पुरेना. शेंगा धरल्या की ती टमटम करून जायची, सावलीत बसायची, मेंढरं खाताना बघायची आणि मेंढरंवाल्याला नाना प्रश्न विचारून भंडावून सोडायची: मेंढराला आपलं पिलू वासानं कळतं की आवाजानं? त्या बाभळीचा काटा आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा मलाच मोडला. ती म्हणायची, पाय मोठा आहे, काट्याला सापडतो.

नात्यातल्या कुठल्याही माणसाच्या मयताला मी निघालो की आजी मागून आवाज द्यायची, "गेलेत का, आधी बगून घे."

मोबाईल फोन आले, आमचा बूथ बंद पडला, काचेच्या खोलीत आम्ही बिस्किटाचे पुडे रचले. नवीन फोन आजीनं उलटासुलटा करून बघितला. तिला तार कुठंय ते सापडेना, तेव्हा ती खूश झाली. "आता वास यायला काय हरकत न्हाई," म्हणाली.

ती गेली ती एका सकाळी, पूजा करून, पाटावरच. तळहातावर लिंग तसंच होतं. कितीतरी वेळ आम्हाला कळलंच नाही. आम्हाला वाटलं, बसलीय.

या वेळी मला कुणी शेतात पाठवलं नाही. आत्यानं स्वतः आजीच्या पावलाला दोरा लावला, तोडला आणि वडिलांच्या हातात दिला, माझ्या हातात नाही. एवढासा दोरा होता तो. दुपारी सगळे शेतात जमलो. बांध आता थोडा वळणाचा झाला होता, मेंढरंवाल्याच्या रानाकडं पोट काढल्यासारखा, आणि त्या पोटात आजीची जागा. बाभळीला पिवळी फुलं आली होती. आखणी झाली, रेघ ओढली. मेंढरंवाला स्वतः खणायला उभा होता, म्हातारा झाला होता तरी. माझ्या मनात आलं, आपल्या हातानं निदान एक घाव घालावा. नातू आहे मी. पुढं जाऊन मी एक टिकाव उचलला.

मेंढरंवाल्यानं मागं वळून बघितलं आणि माणसांना म्हणाला, "त्येच्या हातातला टिकाव काढून घ्या बे. आता बांध सरकवायला माज्याकडं रान न्हाई."